शेरेबाईची वेलांटी

आमच्या गल्लीतल्या बावीस घरांपैकी एकाही घराला ती आवडत नव्हती, आणि त्या बावीसांपैकी एकही घर तिला आवडत नसावे. दोन्ही बाजूंनी ही गोष्ट कधी लपवली गेली नाही. सकाळी सव्वासातला गल्लीच्या तोंडाशी पालिकेच्या गाडीची घंटा वाजली की ज्यांच्याकडे पाहुणे असत ते पाहुण्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवत. कारण कचऱ्याची पिशवी घेऊन मुकाट्याने पुढे जाणाऱ्यांतली ती नव्हती. ती पिशवी दारातच उघडत असे आणि आत काय आहे ते वाचून दाखवत असे.

हाडापेराने रुंद, उंच, पन्नाशीच्या जरा अलीकडची. पालिकेचा निळा डगला, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायांत पुरुषी गमबूट. केस इतके करकचून बांधलेले की भुवया किंचित वर ओढल्यासारख्या दिसत; त्यामुळे समोरच्याच्या प्रत्येक शब्दावर ती अविश्वास दाखवत आहे असे वाटे, आणि बहुतेक वेळा ते खरेही असे. चहा विचारला तर म्हणे, कामावर आहे. कोणी जुने कपडे देऊ केले तर घडीही न मोडता परत करी आणि विचारी, हे सुक्यात लिहू का.

ती गल्लीत आली तेव्हा हातगाडी ओढत असे. लोक वरच्या मजल्यावरून पिशव्या खाली सोडत, आणि त्या गाडीत पडोत की रस्त्यावर, बघायला कोणी थांबत नसे. एकदा अशी एक पिशवी तिच्या खांद्यावर फुटली. ती तीन जिने चढून वर गेली, दार वाजवले, ते उघडल्यावर आत जाऊन फुटकी पिशवी त्यांच्या जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवली आणि आली तशी खाली उतरली. त्या घराने तक्रार केली. मात्र त्या दिवसापासून आमच्या गल्लीत वरून काही पडले नाही.

‘शेरेबाई’ हे नाव पुढे पालिकेने नवी पद्धत आणली तेव्हा पडले. घरोघरचा कचरा एकत्र नेऊन गावाबाहेर ओतण्याचे दिवस संपले, असे एका फलकावर लिहून तो फलक चौकात लावण्यात आला. प्रत्येक घराला दोन डबे मिळाले, ओल्यासाठी हिरव्या झाकणाचा आणि सुक्यासाठी निळ्या झाकणाचा. प्रत्येक दाराला खिळा ठोकून एक जाड कार्ड अडकवण्यात आले. कचरा नेणाऱ्याने रोज डबा पाहून कार्डावर शेरा लिहायचा, ‘वेगळा’ किंवा ‘मिश्र’. एका महिन्यात तीन वेळा ‘मिश्र’ आला की त्या घराचा कचरा आठवडाभर उचलायचा नाही. तिला एका दिवसाचे प्रशिक्षण, गाडीला मोटार आणि गळ्यात अडकवायला दोरीचे पेन मिळाले. त्या पेनाचे टोपण दातांनी काढताना ती जशी दिसे, तसा चेहरा मी पुढे कोणत्याही परीक्षकाचा पाहिला नाही.

मी खेड्यात वाढलो. तिथे घरातले उरलेले सगळे उकिरड्यात जाई आणि वर्षाने शेतात. त्यामुळे टाकायच्या वस्तूंच्याही जाती असतात आणि त्या शिकाव्या लागतात, हे मलाही नवे होते. सगळ्यांनाच होते. पालिकेने वाटलेल्या पत्रकात पहिले वाक्य ठळक अक्षरांत होते: ‘ज्यात ओलावा आहे तो ओला कचरा, ज्यात ओलावा नाही तो सुका.’ लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते ते त्याला ठाऊक असेल. पण आमच्या गल्लीने ते वाक्य जसेच्या तसे घेतले. एका घराने भाजीची देठे गच्चीवर दोन दिवस वाळवली आणि कुरकुरीत झाल्यावर निळ्या डब्यात टाकली. दुसऱ्या घराने बाटल्या स्वच्छ धुऊन निथळत्या हिरव्या डब्यात ठेवल्या.

“पाच बाटल्या,” शेरेबाईने वाचले. “धुतलेल्या. ओल्यात का?”

“ओल्या आहेत म्हणून.”

“मग पुसायच्या.” आणि कार्डावर शेरा.

तिचे वाचन सपाट आवाजात चाले, शाळेत हजेरी घेतात तसे. अर्धा पाव, अख्खा. दोन मोजे, जोडीतले नाहीत. बिस्किटांचे कागद अकरा. हे ज्या घरातून निघाले तिथल्या सुनेने वजन कमी करण्याचे व्रत गल्लीभर जाहीर केले होते. त्या सकाळपासून ती सून आणि तिची सासू यांच्यात बिनसले ते अजून जुळलेले नाही. वाचून का दाखवता, असे कोणीतरी तिला विचारले. ती म्हणाली की नुसता शेरा लिहिला तर लोक म्हणतात आमच्या डब्यात असं काही नव्हतंच. वाचलं की शेजारी साक्षीला असतात.

तिच्याशी उघड वैर धरणारा माणूस मात्र एकच होता, आणि तो माझ्या समोरच्या दारात राहत होता. तीस वर्षे एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून काढून निवृत्त झालेला, बारीक बांध्याचा, इस्त्रीच्या पायजम्यातला माणूस. गल्लीत त्यांना मागून ‘परिपत्रक’ म्हणत, कारण नियम कुठे छापलेला आहे हे दाखवल्याशिवाय ते काही करत नसत आणि दाखवल्यावर त्यातला एक शब्दही सोडत नसत. घरात ते आणि त्यांची पत्नी. काकूंना साखरेचा त्रास होता. दिवसातून चारदा इन्सुलिनची सुई टोचावी लागे, आणि ते काम ते घड्याळ लावून स्वतः करीत. सुई टोचल्यावर कापसाचा बोळा ते पट्टी धरून कापलेल्या चौकोनी कागदात गुंडाळत. आयुष्यभर शेरे त्यांनी लिहिले होते. आता त्यांच्या दारावर कोणी दुसरीच शेरे लिहू लागली.

भांडणाला सुरुवात वेलांटीवरून झाली. शेरेबाई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठे आणि ठसठशीत, पण ‘मिश्र’ ती ‘मीश्र’ असे लिही, दुसरी वेलांटी काढून. एका सकाळी त्यांच्या निळ्या डब्यात चहाचा चोथा निघाला. तो त्यांनी उन्हात वाळवला होता आणि वाळल्यामुळे तो सुका झाला होता, हे त्यांनी तिला पत्रक उघडून समजावले. तिने ‘मीश्र’ लिहिले. त्यांनी आतून लाल पेन आणले, तिच्यासमोर त्या शब्दाभोवती गोल काढला आणि शेजारी ऱ्हस्व इकार लिहिला.

“बाई, पालिकेच्या कागदावर लिहिता. निदान शुद्ध लिहा.”

“वेलांटी पहिली की दुसरी ते तुम्ही बघा, काका,” ती म्हणाली. “डब्यात काय आहे ते मी बघते.”

जिन्यात उभे असलेले चार जण हसले, आणि त्यांचे हसणे परिपत्रकांनी मनात टिपून ठेवले. त्यानंतर तिने काहीही लिहिले तरी ते लाल पेन घेऊन बाहेर येत. ती वेलांटी सुधारण्याच्या फंदात पडली नाही. मला वाटते, ती मुद्दाम तशीच लिहीत राहिली.

तिला एक बहीण होती, तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्याने शेरेबाईनेच तिला कडेवर वाढवले होते. ही धाकटी पालिकेच्या नव्या वर्गीकरण शेडमध्ये कामाला होती, आणि तिथे तिला शेरेबाईनेच चिकटवले होते. ती शेड मी पाहिली आहे, कारण नवी पद्धत नागरिकांना समजावी म्हणून पालिकेने एका रविवारी भेट ठेवली होती आणि आमच्या गल्लीतून आम्ही तिघे गेलो होतो. पत्र्याचे उंच छप्पर, आत एक लांब सरकता पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या. ज्या घरांना ‘मिश्र’ शेरा असे त्यांचा कचरा आधी फरशीवर पसरून दाताळ्याने ओढून पाहत. ‘वेगळा’ शेऱ्याचा कचरा थेट पट्ट्यावर येई, वेगाने, आणि बायका त्यात हात घालत. हातमोजे पातळ होते. जाड मोज्यांनी चिमटीत काही धरता येत नाही, असे तिथल्या एकीने सांगितले. धाकटी पट्ट्याच्या तोंडाशी उभी होती. लहान चणीची, बोलायला मऊ. पट्ट्यावरून नजर न काढता ती मला म्हणाली, “तुमची गल्ली चांगली येते. ताई बघून लिहिते ना. ताईचा माल असला की मी निर्धास्त असते.”

शेरा हा आमच्या दारावरचा डाग आहे, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. तो वाचून पलीकडे कोणीतरी हात घालते हे मला त्या रविवारी कळले. घरी आल्यावर मी ते कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

पुढच्या महिन्यात शेरेबाई तीन दिवस तापाने आली नाही. बदलीवर आलेल्या माणसाने डबे न उघडता बावीस घरांना ‘वेगळा’ लिहिले, आणि गल्लीने त्याला तोंड भरून दुवा दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीच्या हिरव्या पोत्यातून, भाजीच्या सालींतून, एक सुई धाकटीच्या अंगठ्यात गेली.

दवाखान्यात तिला गोळ्या दिल्या आणि सांगितले की रक्त आत्ता तपासू, सहा आठवड्यांनी तपासू आणि तीन महिन्यांनी. तीन महिन्यांचा अहवाल आला की मग खरे. सुई कोणाच्या अंगातून आली होती हे पोत्यावर लिहिलेले नव्हते. तोवर धाकटीने स्वतःचे पाण्याचे भांडे आणि टॉवेल वेगळे ठेवले, गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले असतानाही, आणि आपल्या पाच वर्षांच्या मुलीला जवळ घेऊन झोपणे बंद केले.

शेरेबाईला घर शोधायला वेळ लागला नाही. त्या सुईजवळ सालींत पट्टी धरून कापलेला एक चौकोनी कागद निघाला होता. चौथ्या दिवशी ती कामावर आली ती आधी एकवीस घरे नेहमीप्रमाणे करून शेवटी आमच्या जिन्यात. परिपत्रकांचा हिरवा डबा तिने फरशीवर पालथा केला आणि चिमट्याने एकेक बाजूला काढले.

“सुई एक,” तिने वाचले. “सुई दोन. सुई तीन, टोपण नाही. सुई चार, टोपण नाही.” मग उठून उभी राहिली. “अशीच एक माझ्या बहिणीच्या अंगठ्यात गेली, काका. ओल्यात का टाकल्या?”

परिपत्रक गडबडले नाहीत. ते म्हणाले की आजवर सुया ते दवाखान्यात परत देत, पण दवाखान्याने त्या घेणे या आठवड्यात बंद केले. सुई टोचून काढल्यावर तिच्या टोकाशी थेंब राहतो. थेंब म्हणजे ओलावा. पत्रकात काय लिहिले आहे ते तिने वाचावे. आतून काकूंचा आवाज आला, मी म्हणत होते त्यांना, पत्र्याच्या डबीत ठेवा म्हणून. त्यांनी मागे न वळता उत्तर दिले की पत्रकात डबीचा उल्लेख नाही.

तिने कार्डावर लिहिले, ‘मीश्र’. पेनाचे टोक इतके दाबून की कार्डाला मागून भेग पडली. त्यांनी लाल पेन काढले नाही, आणि त्यावरूनच प्रकरण वर जाणार हे मला समजले.

तक्रारअर्ज त्यांनी स्वतः लिहिला, नमुनेदार. सदर कर्मचारी नागरिकांच्या खाजगी बाबी चव्हाट्यावर वाचते, उद्धटपणे बोलते, नियमाप्रमाणे वागणाऱ्यास हेतुपुरस्सर प्रतिकूल शेरा देते. शेरा रद्द व्हावा, लेखी माफी घ्यावी. बावीसपैकी सतरा घरांनी सह्या केल्या. त्यांत माझीही आहे. चार दिवसांपूर्वी माझ्या पिशवीतून निघालेल्या वस्तू तिने जिन्यात वाचून दाखवल्या होत्या. त्या कोणत्या, हे इथे सांगण्याचे कारण नाही. धाकटीच्या अंगठ्याची गोष्ट मला सही करताना माहीत होती. सगळ्यांनाच होती.

सुनावणी पालिकेच्या विभागीय कचेरीत झाली. लाकडी टेबलापलीकडे आरोग्य निरीक्षक, मागच्या भिंतीवर आमच्या विभागाला वर्गीकरणात पहिला क्रमांक मिळाल्याचे प्रशस्तिपत्र. अलीकडे आम्ही पाच-सहा तक्रारदार खुर्च्यांवर, आणि शेरेबाई उभी. तिला बसायला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी ती बसली नसती. परिपत्रकांनी पत्रक काढले. पहिल्या वाक्याखाली पट्टी धरून रेघ मारलेली होती. त्यांनी ते दोनदा वाचले. सुईत ओलावा होता हे कोणी नाकारू शकते का, असे विचारले. सुक्याच्या यादीत कागद, पुठ्ठा, बाटल्या आणि डबे आहेत, सुई कुठे आहे, असेही विचारले. निरीक्षक पत्रकाकडे बघत राहिले. ते वाक्य त्यांनीच लिहिले होते, हे आम्हाला नंतर कळले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मात्र तेव्हाच दिसल्या.

“बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?” त्यांनी विचारले.

“ओली नाही, साहेब, आणि सुकीही नाही,” ती म्हणाली. “टोचणारी आहे.”

खोलीत हशा पिकला. निरीक्षकही हसले, कारण हसल्याने त्यांना एक वाट मिळाली. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले की काकांनी पत्रकाबाहेर काही केलेले नाही, तेव्हा हा शेरा टिकत नाही. तिने तो सर्वांसमोर खोडावा, दोन शब्दांत माफी मागावी आणि उद्यापासून वाचणे बंद करावे. तसे झाले तर गल्ली तिच्याकडेच राहील. नाहीतर तिला गाडीवरून काढून शेडमध्ये पट्ट्यावर पाठवावे लागेल. बारा वर्षे जुन्या कर्मचाऱ्याला पट्ट्यावर पाठवणे ही शिक्षाच, हे बोलताना त्यांचा आवाजही तसा झाला.

परिपत्रकांनी पुरावा म्हणून दारावरून काढून आणलेले कार्ड तिने टेबलावरून पुढे ओढले आणि त्यांच्याकडे हात केला. “तुमचं लाल पेन द्या, काका.”

त्यांना ते द्यावेच लागले. तिने ‘मीश्र’मधली दुसरी वेलांटी खोडली, अक्षराच्या डाव्या अंगाला पहिली काढली, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखी जीभ ओठांत धरून. कार्ड फिरवून त्यांच्यासमोर ठेवले.

“वेलांटी चुकली होती. ती सुधारली. शेरा बरोबर आहे.”

निरीक्षकांचा तोल सुटला. हिला पट्ट्यावरच पाठवतो, असे ते म्हणाले, आणि ती जणू त्याच शब्दांची वाट पाहत उभी होती.

“पाठवा,” ती म्हणाली. “पण धाकटीच्या जागेवर. आणि धाकटीला माझ्या गाडीवर घाला. जागा दोन, बायका दोन. तुमचा कागद सरळ राहतो.”

निरीक्षकांनी क्षणभर विचार केला. कागद खरोखरच सरळ राहत होता. त्यांनी ‘विनंतीवरून अदलाबदल’ असा शेरा मारला, आणि आम्ही जिंकून घरी आलो. तापातून उठल्यापासून बहिणीला पट्ट्यावरून हलवायचे हेच तिच्या डोक्यात होते, त्यासाठी तिने दोन अर्ज केले होते आणि दोन्ही परत आले होते, हे धाकटीने मला बऱ्याच दिवसांनी सांगितले. आमच्या सतरा सह्यांनी जे केले ते तिच्या अर्जांना जमले नव्हते.

धाकटी गल्लीत येऊ लागली तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती वाचत नसे. डबा उघडून आत बराच वेळ पाही, अंगठा तळहातात मिटून धरलेला, आणि हळू आवाजात म्हणे की हे जरा वेगळं करून द्याल का. वेगळे करून होईपर्यंत ती दारातून हलत नसे. एकदा तर एका घरापुढे पंचवीस मिनिटे. तिला शिवी देता येत नाही आणि घालवूनही देता येत नाही, अशी अडचण गल्लीपुढे उभी राहिली. आणि ‘मिश्र’ लिहायची वेळ आली की तीही दुसरी वेलांटी काढी. ताईकडूनच शिकली होती.

सुनावणीला दोन महिने होत आले तेव्हा पालिकेचे नवे पत्रक घरोघर आले. पहिले वाक्य गेले होते. आता स्वयंपाकघरातला, बागेतला, कुजणारा तो ओला, असे सरळ लिहिले होते. आणि खाली, चौकटीत, तिसरा प्रकार: ‘टोचणारा कचरा. सुया, ब्लेड, फुटकी काच. झाकणाच्या डब्यात, चिठ्ठी लावून, हातात द्यावा.’ हा विभागाचा अभिनव उपक्रम असून अन्य विभागांनीही त्याचा स्वीकार केल्याचे शेवटी म्हटले होते. निरीक्षकांचे छायाचित्र होते. शेडमध्ये त्यानंतरच्या महिन्यात एकाही बाईला काही टोचले नाही. आधी आठवड्याला तिघी-चौघींना टोचत असे. पालिकेची पद्धत सुधारली, यात शंका नाही. तो शब्द कोणाचा हे पत्रकात नव्हते, आणि त्या खोलीत हसलेल्यांपैकी कोणी ते बोलून दाखवले नाही.

परिपत्रकांनी नवे पत्रक दाराच्या आत चिकटवले. एका झाकणाच्या डबीवर ‘टोचणारा’ अशी सुबक चिठ्ठी लावली आणि त्यात सुया तर ठेवल्याच, शिवाय दात कोरायच्या काड्या आणि गुलाबाच्या कुंडीतल्या छाटलेल्या फांद्याही. त्या टोचतात, हे त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते.

तीन महिन्यांचा अहवाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटीने सुट्टी घेतली आणि त्या एका दिवसापुरती गाडीवर शेरेबाई आली. घंटेवरूनच सगळ्यांनी ओळखले. गल्लीत डब्यांची झाकणे एकदम वाजू लागली. लोक घाईघाईने तळाशी हात घालून पाहत होते. ती पहिल्या घरापासून वाचत आली, तशीच, हजेरी घेतल्यासारखी.

आमच्या जिन्यात परिपत्रक डबी हातात घेऊन आधीच उभे होते. तिने झाकण काढले.

“सुया चौदा. चौदाही टोपणासकट. काड्या. काटे.” झाकण लावले आणि कार्डावर लिहिले, ‘वेगळा’. त्यांनी वाकून ते वाचले. त्यात सुधारण्यासारखे काही नव्हते. ते सरळ झाले, चष्मा काढून हातात धरला, आणि असे काही विचारताना मी त्यांना प्रथमच ऐकले.

“अहवाल आला असेल. काय निघालं?”

तिने टोपण दातांत धरून पेनावर बसवले. भुवया नेहमीच्याच जागी होत्या.

“ते पत्रकात येत नाही, काका,” ती म्हणाली, आणि जिना उतरली.

मी तिच्यामागे खाली गेलो. मला वाटते, सतरा सह्यांतली एक मागे घेण्याचा काही मार्ग आहे का ते पाहायला. गाडीशी तिने माझ्याकडे न बघता सांगितले की रक्त साफ निघाले, धाकटी काल रात्री पोरीला कुशीत घेऊन झोपली ती आज उठलीच नाही लवकर, म्हणून सुट्टी. मग माझ्या सदऱ्याच्या बटणाकडे बोट केले. “वर सांगायचं नाही.”

याला आता आठ महिने झाले. परिपत्रकांनी एकदा धाकटीला विचारले. ती म्हणाली, ताईला विचारा. ताई शेडमध्ये पट्ट्याच्या तोंडाशी असते आणि तिथे नागरिकांना भेट वर्षातून एकाच रविवारी मिळते. काकू आतून विचारतात, त्या पोरीचं काय झालं हो, आणि त्यांना उत्तर मिळत नाही. कधी जिन्यात गाठ पडली तर ते मला थांबवतात, इकडचे तिकडचे बोलतात आणि निघताना म्हणतात, “ते प्रकरण कुठवर आलं, काही कानावर?”

मी सांगतो, काही कल्पना नाही.